पोलीस कुणाचे, जमीन कुणाची?

दिल्लीत सिव्हिल लाइन्सकडून जुन्या सचिवालयाकडे मी बऱ्याचदा पायी गेलो आहे. वाटेतल्या शाळेवर पाटी दिल्ली सरकारची, शेजारून जाणारी डीटीसीची बसही त्यांचीच. चौकातला पोलीस मात्र केंद्रीय गृहखात्याचा. कुंपण घातलेल्या मोकळ्या भूखंडावर फलक डीडीएचा (दिल्ली विकास प्राधिकरण), म्हणजे पुन्हा केंद्राचाच. कचरागाडी महापालिकेची. मुख्यमंत्र्यांच्या हातात नेमकं काय आहे, हे पाहायला मंत्रालयात जावं लागत नाही, रस्ता पुरतो.

जुनं सचिवालय म्हणजे आजची विधानसभा. १९१२ची पांढरी इमारत. संसद भवन होण्याआधी देशाचं कायदेमंडळ इथे भरे; विठ्ठलभाई पटेल इथल्याच अध्यक्षासनावर बसले. आता इथे ७० आमदार बसतात, पण तिथवर यायला फार वर्षं लागली. १९५६ साली दिल्ली केंद्रशासित झाली, १९६६च्या कायद्याने महानगर परिषद मिळाली, पण तिला फक्त सल्ला देता येई. दिल्लीच्या कारभाराचा विचार करणाऱ्या बाळकृष्णन समितीनंतर ६९वी घटनादुरुस्ती झाली, विधानसभा आली आणि १९९३ साली निवडणूक. देताना मात्र राज्यसूचीतल्या तीन नोंदी वगळल्या : सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस आणि जमीन. मंत्रिमंडळाचं आणि नायब राज्यपालांचं पटलं नाही, तर विषय राष्ट्रपतींकडे जातो. अधिकाऱ्यांच्या बदल्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ११ मे २०२३ रोजी निकाल दिल्ली सरकारच्या बाजूने लागला. आठच दिवसांत केंद्राने तो फिरवणारा अध्यादेश काढला आणि ऑगस्टमध्ये त्याचा कायदाही झाला.

राजधानीवर केंद्राचा हात हवा, हे मला पटतं. पण मतं मागायची एकाने आणि हवालदाराची बदली करायची दुसऱ्याने, ही वाटणी मतदाराला कुणी समजावून सांगत नाही. चोरी झाली की तो आमदाराच्याच दारात जातो.

मराठी माणसाला हे सगळं परकं वाटू नये. जानेवारी १९५६मध्ये नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा केली होती. चिंतामणराव देशमुखांनी त्यावरून अर्थमंत्रिपद सोडलं, रस्त्यावर माणसं मेली. अखेर १ नोव्हेंबर १९५६ला, दिल्ली केंद्रशासित झाली त्याच दिवशी, मुंबई द्विभाषिक राज्यात गेली आणि १९६०मध्ये महाराष्ट्राची राजधानी झाली.

मुंबईला 'खास दर्जा' द्यावा, अशी टूम अधूनमधून निघते. पुढच्या वेळी निघाली, तर एवढंच विचारा : पोलीस कुणाचे आणि जमीन कुणाची?