केमोतलं एकटेपण

मंडळी, नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयातून केमो घेऊन माणूस यवतमाळला परततो, आणि काही घरांत त्याचं अंथरूण-ताट कायमचं वेगळं होतं. इथंच आपली गल्लत होते. कर्करोग शिवल्यानं किंवा उष्ट्यानं होत नाही. जपायचं असतं ते रोग्याला, आपल्यापासून!

केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. तेव्हा सर्दी-खोकला असणाऱ्यांनी दूर राहावं. ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला तर सकाळची वाट बघू नये, रात्रीच दवाखाना गाठावा. औषधाचा अंश लघवी-उलटीत असतो, म्हणून साधारण ४८ तास त्याचे कपडे हातमोजे घालून वेगळे धुवावेत. पुढं त्याची गरज नाही.

चक्र २१ दिवसांचं असेल, तर डॉक्टरांना विचारून तिसऱ्या आठवड्यात सोयऱ्यांना बोलवावं. ओट्यावर बसून कापसाच्या भावावर भांडू द्यावं, बरं का! आधीच्या दिवसांत फोन करावा, पण रोज ‘कसं वाटते?’ विचारू नये. (त्याचं उत्तर देऊनच माणूस थकतो, असं आम्हाला वाटतं.) त्यापेक्षा वावरातली पऱ्हाटी कशी आहे, ते सांगावं.