बटणांच्या खाली

बीडहून सोलापूरकडे निघून मांजरसुंब्याचा घाट चढलं की पुढं महामार्गालगत चौसाळा लागतं. अशा गावात संगणक म्हणजे बहुधा सेवा केंद्राच्या काउंटरवरचा. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, जूनमध्ये प्रवेशाची कागदपत्रं, जुलैत पीक विम्याचे अर्ज. शटर दिवसभर वर आणि समोर रस्त्याची धूळ. या यंत्रात सगळ्यात जास्त मार खातो तो कीबोर्ड, आणि सगळ्यात कमी काळजी घेतली जाते तीही त्याचीच. बटण अडकलं की नवा आणायचा, जुना भंगारात. मला हे अजिबात पटत नाही. त्यातले कितीतरी नुसते मळलेले असतात.

स्वस्तातला कीबोर्ड उलटा करून मागचे स्क्रू काढा. एखादा कंपनीच्या स्टिकरखाली दडलेला असू शकतो. आत प्लास्टिकचे तीन पातळ पापुद्रे निघतात. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर वीज वाहून नेणाऱ्या शाईच्या रेषा, मधल्याला प्रत्येक बटणाखाली एक भोक. बटण दाबलं की रबराची वाटी दबते, भोकातून वरची रेष खालच्या रेषेला टेकते आणि अक्षर उमटतं. चहा सांडला तर साखर याच पापुद्र्यांत मुरते. किंचित ओलसर मऊ कापडानं हलकं टिपून घ्यावं, पूर्ण वाळू द्यावं. खसाखसा घासलं तर शाई निघते, आणि एक रेष तुटली की तिच्यावरची बटणं मुकी होतात.

वर्षानुवर्षं टिकलेला, टकटक वाजणारा कीबोर्ड दिसला तर तो बहुधा टीव्हीएस गोल्ड. बँकांपासून किराणा दुकानांपर्यंत तो रुळला. 104 बटणं आणि प्रत्येकाखाली स्वतंत्र स्विच. अनेक वर्षं ते जर्मनीच्या चेरी कंपनीचे, निळ्या दांडीचे होते. बटण सुमारे 4 मिलिमीटर खाली जातं, पण निम्म्या वाटेवरच अक्षर उमटतं. एक स्विच बिघडला तर सोल्डरिंग करून तेवढाच बदलता येतो. सगळा कीबोर्ड टाकायचं कारणच नाही.

साफ करताना वायर काढून आधी मोबाइलवर फोटो घ्यावा. मग तारेच्या आकड्यानं बटणांच्या टोप्या सरळ वर ओढाव्यात. स्पेस आणि एंटरखाली बटण तिरपं होऊ नये म्हणून पोलादी तार असते; ती आधी अलगद सोडवावी. टोप्या कोमट पाण्यात, चिमूटभर धुण्याच्या पावडरीत भिजवाव्यात. वाळवायच्या त्या सावलीत, मराठवाड्याच्या उन्हात नव्हे. टोप्या सुकेपर्यंत मोकळ्या सांगाड्यावरची धूळ रंगाच्या कोरड्या ब्रशनं काढावी. केस, स्टेपलरच्या पिना, फोटोंच्या कातरणांचे तुकडे, सगळं तिथं सापडतं.

टोप्या परत बसवण्याआधीच त्यांच्यावर देवनागरीची स्टिकर लावावीत. आधी विचारावं, हात कोणाचा आहे? टाइपरायटरवर शिकलेल्याला रेमिंग्टनची मांडणी हवी असते. नव्यानं शिकणाऱ्यासाठी मी इनस्क्रिप्टच सुचवेन. 1986 मध्ये सरकारी प्रमाण म्हणून आलेल्या या मांडणीत स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला असतात. ‘चौसाळा’ टाइप करून बघा. च उजवीकडे, औकार डावीकडे, स उजवीकडे, काना डावीकडे, ळ उजवीकडे, पुन्हा काना डावीकडे. दोन्ही हात आळीपाळीनं चालतात, एकाही बोटाची ओढाताण होत नाही. वर हीच मांडणी कन्नड, तेलुगूलाही चालते. ध्वनी तोच, बटण तेच. आपल्या लिपीसाठी इतका नीट विचार झालेला असताना तयार कीबोर्डावर मात्र बहुधा नुसती इंग्रजी अक्षरं छापून येतात, याचं मला वाईट वाटतं.

शेवटी कोरं पान उघडून एकेक बटण दाबून पाहावं. एका दाबात अक्षर दोनदा उमटलं तर त्या स्विचमध्ये अजून घाण आहे. तेवढी टोपी पुन्हा काढावी, कॉन्टॅक्ट क्लीनरचा बारीक फवारा मारून स्विच दहा-वीस वेळा दाबावा. स्टिकरचा एक जादा संच जवळ असू द्यावा. इनस्क्रिप्टमध्ये काना इंग्रजी E च्या बटणावर असतो, आणि मराठीत तो इतका येतो की त्या बटणावरचं स्टिकर सगळ्यांच्या आधी पुसलं जातं.