शेजारी ‘आपलाच’ असे धरून चालणारा कायदा

कॅनडाने अमेरिकेचे एक्कावन्नावे राज्य व्हावे हा डोनाल्ड ट्रम्प यांचा धोशा, त्यामागून आलेली आयातशुल्के आणि त्यावरचा कॅनडाचा संताप, हे सारे आता वाचकांना पाठ झाले आहे. पण ‘कॅनडा म्हणजे आपलेच अंगण’ ही समजूत ट्रम्प यांनी शोधलेली नाही. तीस वर्षांपूर्वी ती चक्क अमेरिकेच्या निर्यात नियमांत बसलेली होती. फरक एवढाच की तेव्हा तिचा सूर प्रेमाचा होता आणि लाभ कॅनडाला झाला.

१९९६ च्या अखेरीपर्यंत संदेश सांकेतिक करणारे, म्हणजे एन्क्रिप्शनचे सॉफ्टवेअर अमेरिकेच्या लेखी रणगाड्यांच्या पंक्तीला बसणारी युद्धसामग्री होते. परवान्याशिवाय ते देशाबाहेर नेता येत नसे. त्यामुळे नेटस्केपचा ब्राउझर दोन रूपांत निघे : १२८ बिटांच्या किल्लीचा भक्कम आणि परदेशी गिऱ्हाइकांसाठी ४० बिटांचा लेचापेचा. भक्कम आवृत्ती अमेरिकेसाठी आणि कॅनडासाठी होती. ४० बिटांची पत काय होती? ऑगस्ट १९९५ मध्ये फ्रान्सच्या दामियँ दोलिजे यांनी असा एक संदेश आठ दिवसांत फोडला. जानेवारी १९९७ मध्ये बर्कलेत शिकणाऱ्या इयान गोल्डबर्ग यांना ४० बिटांचे आव्हान मोडायला साडेतीन तास पुरले. हे गोल्डबर्ग कॅनडाचे, हा योगायोग गमतीचा आहे.

यावर जाणकार म्हणतील की कॅनडाची ही सवलत समजुतीतून नव्हे, करारांतून आली. १९४१ च्या हाइड पार्क जाहीरनाम्यापासून दोन्ही देशांचे संरक्षण उद्योग एकमेकांत गुंतलेले आहेत, हवाई संरक्षणाची कमांड संयुक्त आहे. मुद्दा खरा आहे, पण पुरा नाही. गुप्तहेरगिरीत ब्रिटनही अमेरिकेचा तितकाच जवळचा भागीदार होता आणि लंडनच्या वाट्याला तरी ४० बिटच आले. अमेरिकन नोकरशहाच्या डोळ्यांपुढचा कॅनडियन माणूस सभ्य, सौम्य आणि थोड्या थंडीत राहणारा अमेरिकनच होता. असा माणूस आपल्या नियमांचा आत्माही पाळील, असे गृहीत धरले गेले. कॅनडाने नियमाचे शब्द पाळलेही : अमेरिकेत बनलेला माल पुढे पाठवायला तिथेही परवाना लागे. मात्र कॅनडातच लिहिलेले आणि सर्वांना खुले असलेले सॉफ्टवेअर तिथल्या निर्यातबंदीतून वगळलेले होते. एवढी फट पुरेशी होती.

त्या फटीतून जे बाहेर पडले त्याचे नाव ओपनबीएसडी. थिओ डी राट यांनी १९९५ मध्ये कॅलगरीहून ही संगणकप्रणाली सुरू केली. तिच्यातला एन्क्रिप्शनचा भाग अमेरिकेबाहेरच लिहिला जाई. अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी त्याला हात लावायचा नाही, असा दंडक होता. डिसेंबर १९९९ मध्ये तिच्यासोबत ओपनएसएसएच आले, आणि आज जगातल्या बहुतेक लिनक्स सर्व्हरांचा कारभार दुरून चालतो तो त्याच्याच भरवशावर. गंमत अशी की डी राट यांच्याकडे पाहून ‘सौम्य कॅनडियन’ हा शब्दप्रयोग कोणाला सुचला नसता. जिभेच्या धारेपायीच त्यांना आधीचा नेटबीएसडी हा प्रकल्प सोडावा लागला होता. पुढे अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संशोधन संस्थेचा पैसा त्यांच्या कामाला मिळाला. इराक युद्धावर त्यांनी वृत्तपत्रात टीका केल्यानंतर, २००३ मध्ये, तो आटला. एका मुलाखतीनंतर जे घडले ते पाहता, शेजाऱ्याची प्रतिमा किती पातळ असते हे कळते.

प्रतिमा उलटली की कायदाही उलटतो. एप्रिल १९९९ मध्ये अमेरिकेने शस्त्रनिर्यातीतली कॅनडाची सवलत आवळली, कारण कॅनडामार्गे माल नको त्या देशांत जातो असा संशय बळावला होता. दुहेरी नागरिकत्व असलेल्या कॅनडियन अभियंत्यांकडे त्यांच्या दुसऱ्या देशाच्या चष्म्यातून पाहिले जाऊ लागले. कालचा ‘आपला’ माणूस तोच होता, काम तेच होते. संशय मात्र त्याच्या पासपोर्टावर बसला. दोन वर्षांनी ती सवलत बरीचशी परत आली.

तेव्हा कोड अडवता येत नाही, असा निष्कर्ष काढायचा का? नव्वदच्या दशकापुरता हो. जानेवारी २००० मध्ये अमेरिकेने स्वतःच एन्क्रिप्शनचे नियम सैल केले, कारण बंदीचा काच मुख्यतः तिच्याच कंपन्यांना बसत होता. आज परिस्थिती निराळी आहे, कारण बरेचसे सॉफ्टवेअर विक्रेत्याच्याच सर्व्हरवर राहते आणि ग्राहकाला फक्त प्रवेश मिळतो. आता सीमेवर पहारा ठेवायची गरजच उरत नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय निर्बंध लागताच मायक्रोसॉफ्टने भारतात वाडीनारची रिफायनरी चालवणाऱ्या नायरा एनर्जीच्या सेवा थांबवल्या. परवान्याचे पैसे पूर्ण भरलेले आहेत, असे नायराचे म्हणणे होते. कॅलगरीचा कोड एकदा उतरवून घेतला की वापरणाऱ्याच्या यंत्रावर राहत असे. नायराला आपली ईमेल परत मिळवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागले.