वीस मीटर तारेची गोष्ट

पालीला आमच्या खळ्यात दोन पोफळींच्या मध्ये तांब्याची तार ताणलेली आहे. लांबी जेमतेम वीस मीटर. मधोमध तोडलेली, तोडलेल्या जागी चिनी मातीचा तुकडा, आणि तिथून एक वायर पडवीतल्या जुन्या रेडिओपर्यंत आलेली. आमच्याकडे चहूबाजूंनी डोंगर. मुंबईचं एफएम इथे पोहोचत नाही. पण दिवेलागणीला या तारेवर दूरदूरचे आवाज उतरतात. शॉर्टवेव्हचं तेच तर वैशिष्ट्य: ती डोंगराला धडकत बसत नाही, वर आयनांबराला लागून परत खाली येते. थोडीशी वीज, एक तार आणि शेकडो किलोमीटर मुलूख.

ही तार मी 42.34 मीटर या आकड्यासाठी बांधली. ज्या लांबीची लहर असेल, तिच्या निम्म्याच्या आसपास तार लागते. 1942 साली याच लहरीवर मुंबईतून काँग्रेस रेडिओ बोलत होता.

युद्धाचा तो काळ आठवावा. 1938 पासून मुंबईत सरकारी रेडिओचा 10 किलोवॅटचा शॉर्टवेव्ह प्रक्षेपक होता. 1939 मध्ये युद्ध पेटताच हौशी बिनतारीवाल्यांचे परवाने रद्द झाले आणि त्यांचे संच सरकारजमा झाले. बाहेरून मात्र आवाजांचा वर्षाव सुरू झाला. बर्लिनहून आझाद हिंद रेडिओ बोलू लागला. फेब्रुवारी 1942 मध्ये त्यावर खुद्द सुभाषबाबूंचा आवाज ऐकू आला, आणि पुढे तिथून मराठी बातम्याही येत. लंडनहून बीबीसीचं मराठी प्रसारण त्याच वर्षी सुरू झालं. तिथे शिरोळच्या वेणू चितळे जॉर्ज ऑरवेलबरोबर काम करत होत्या. दोन्ही बाजूंना हिंदुस्थानच्या कानाची गरज होती. आत देशात काय चाललंय, हे मात्र कोणीच सांगत नव्हतं. 9 ऑगस्टला काँग्रेसचे नेते तुरुंगात गेले आणि वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप लागलं.

ते कुलूप तोडायचं ठरवलं बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी: विठ्ठलदास ऊर्फ बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी, विठ्ठलदास झवेरी. राममनोहर लोहियांचं मार्गदर्शन होतं. प्रक्षेपक जोडला नरिमन प्रिंटर यांनी. तेही पूर्वी हौशी बिनतारीवाले. 42.34 मीटर म्हणजे सात मेगाहर्ट्झच्या किंचित वर, हौशी मंडळींच्या जुन्या ओळखीच्या पट्ट्यात. ज्या पट्ट्यावर हात बसलेला, तिथेच हे केंद्र उभं राहिलं, असं मला वाटतं. काँग्रेसच्या सभांना लाउडस्पीकर पुरवणाऱ्या शिकागो रेडिओच्या नानक मोटवानींनी साहित्य आणि तंत्रज्ञांची मदत दिली.

27 ऑगस्ट 1942 ला पहिलं प्रक्षेपण झालं. चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, आपल्या विदर्भातल्या आष्टी-चिमूरमधले अत्याचार: जे छापता येत नव्हतं, ते या रेडिओने सांगितलं. सरकारी रेडिओ त्यांच्यावर खरखर सोडी. पोलिसांच्या गाड्या दिशाशोधक घेऊन फिरत. दिशाशोधकाची युक्ती सोपी आहे. वाटोळी एरियल फिरवायची, आवाज कुठल्या दिशेने येतो ते नकाशावर रेघ मारून दाखवायचं, मग दुसऱ्या जागेवरून तेच करायचं. दोन रेघा जिथे छेदतील तिथे केंद्र. त्यावर उपाय एकच, जागा बदलत राहणं. चौपाटी, लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड, महालक्ष्मी, शेवटी गिरगावातली पारेखवाडी. पुढे ध्वनिमुद्रण एका जागी आणि प्रक्षेपण दुसऱ्या जागी, अशी विभागणी झाली. भाषणांच्या तबकड्या हातातून न्यायच्या आणि प्रक्षेपकाजवळ लावायच्या.

गिरगाव म्हणजे आम्हा कोकणातल्यांचं दुसरं घर. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातला चाकरमानी तिथल्या चाळीत बिऱ्हाड करून राहत होता. त्याच गल्ल्यांतून हा आवाज निघत होता.

12 नोव्हेंबरला प्रिंटर पोलिसांच्या हाती लागले आणि त्यांच्याकडून पत्ता फुटला. बाबूभाईंच्या कचेरीवर धाड पडल्याचं उषाताईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी त्या पारेखवाडीत आल्या आणि ठरलेल्या वेळी कार्यक्रम सुरू केला. दारं फोडून पोलीस आत शिरले तेव्हा ‘वंदे मातरम्’ची तबकडी चालू होती. ती बंद करायला उषाताईंनी साफ नकार दिला, ही आठवण त्या पुढे सांगत. मे 1943 मध्ये निकाल लागला. बाबूभाईंना पाच वर्षं, उषाताईंना चार, चंद्रकांत झवेरींना एक. प्रक्षेपण अडीच महिने चाललं, शिक्षा वर्षांच्या हिशेबात झाल्या.

पण गोष्ट इथे थांबत नाही. तिचा दुसरा भाग आमच्या जिल्ह्यात घडला.

1955 च्या 15 ऑगस्टला गोव्याच्या सीमेवर सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. सीमा बंद झाली. गोव्यात पोर्तुगीज सेन्सॉरशिवाय एक ओळ छापता येत नव्हती. त्याच वर्षी 25 नोव्हेंबरला आंबोलीच्या रानातून पोर्तुगीज आणि कोकणी भाषांत एका छुप्या रेडिओचा आवाज उठला. पोर्तुगिजांनी 1510 मध्ये गोवा घेतला तीही तारीख 25 नोव्हेंबरच. आंबोली तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होती. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो 1981 मध्ये.

यंत्र कुठलं? 1954 मध्ये दादरा-नगर हवेली मुक्त झाली तेव्हा पोर्तुगिजांचे बिनतारी संच हाती आले होते. ते दुरुस्त करून, बदलून, एका ट्रकवर प्रक्षेपक बसवला. चालवणारे वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. सुरुवातीला निकोलाव मेनेझिसही होते. लिबियाताईंनी मुंबईत आकाशवाणीत नोकरी केली होती.

आंबोलीचा पाऊस ज्याने पाहिलाय, त्याला यातलं कष्टाचं मोल कळेल. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास. चार महिने कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी धरते. अशा ओलीत व्हॉल्व्ह आणि गुंडाळ्या कोरड्या ठेवायच्या, जगभरचे रेडिओ ऐकून बातम्या टिपायच्या, पोर्तुगीज प्रचाराचं खंडन लिहायचं आणि वेळ झाली की बोलायचं. साप आणि बिबट्या शेजारी. पुढे केंद्र कॅसलरॉकला हललं, पण आवाज बंद पडला नाही. सहा वर्षं! डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाला, तेव्हा हीच दोघं विमानात बसली आणि 451 वर्षांनंतर गोवा स्वतंत्र झाल्याची वार्ता त्यांनी आकाशातून सांगितली.

एक केंद्र गर्दीत लपलं, दुसरं रानात. दोन्हींचं भांडवल सारखंच तुटपुंजं होतं. माणसं आपण थोडीफार लक्षात ठेवतो: उषाताईंना 1998 मध्ये पद्मविभूषण मिळालं, लिबियाताईंना वयाच्या शंभरीत पद्मश्री जाहीर झाली. पण डाग देणारे, गुंडाळी वळणारे, ओले व्हॉल्व्ह पुसणारे हात विसरायला होतात. आमच्या शाळांतून हा इतिहास तारखांनी शिकवू नये, तारेने शिकवावा, असं मला मनापासून वाटतं. मुलांना वीस मीटर तार मोजायला लावावी, ती दोन झाडांना बांधावी, रेडिओची चकती सातच्या किंचित पुढे न्यावी.

गेल्या सुट्टीत वाडीतल्या चार पोरांना मी तेच करायला सांगितलं. खरखरीतून हळूहळू एका हौशी बिनतारीवाल्याचा आवाज सुटा झाला. पोरं गप्प झाली. त्यातल्या एकाने वर बघून विचारलं, “हा एवढ्याशा तारेतून येतोय?”

मी म्हटलं, “हो. आणि एवढ्याशा तारेतूनच जातोही.”