दस्तरखानावरची भाजी आणि कर्करोग

आपल्या घरांत दावत म्हटली की सालन, कबाब, बिर्याणी यांचीच चर्चा. कोबी, मुळा यांची आठवण शेवटी, तीही कोशिंबिरीपुरती! पण या साध्या भाज्यांत अल्लाहने ठेवलेल्या गुणांचा अभ्यास शास्त्रज्ञ अनेक वर्षांपासून करीत आहेत.

१९९२ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल तलाले व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रोकोलीतून सल्फोराफेन हे द्रव्य वेगळे केले. घातक रसायने निकामी करणारी शरीराची यंत्रणा त्यामुळे जागी होते, असे प्रयोगशाळेत आढळले. कोबी, फुलकोबी, मुळा, मोहरीचा पाला ही ब्रोकोलीचीच भावंडे. त्यांतही अशा प्रकारची द्रव्ये असतात. मात्र ती भाजी चिरल्यावर तयार होतात. म्हणून चिरलेली भाजी थोडा वेळ तशीच ठेवावी, मग फोडणीस टाकावी. खूप उकळून पाणी फेकू नये. लसूणही ठेचून दहा मिनिटांनी वापरावा. टोमॅटोचे उलट आहे : त्यातील लायकोपीन तेलात शिजवल्यावर अंगी अधिक लागते.

मग याच्या गोळ्याच घ्याव्यात का? नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या सुमारे २९ हजार पुरुषांची चाचणी झाली. गाजरात असते ते बीटा-कॅरोटीन त्यांपैकी काहींना गोळीतून दिले. १९९४ साली निकाल आला, तेव्हा ती गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढलेला दिसला. भाजी वेगळी, गोळी वेगळी.

वनस्पतींपासून कर्करोगाची औषधे बनतात, हेही खरे. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर दिले जाणारे विन्क्रिस्टीन अंगणातल्या सदाफुलीतून मिळते. पण ते शुद्ध करून, मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. सदाफुलीची पाने चघळणे म्हणजे विषाशी खेळ.

आमच्या परिचयातील एका खालांच्या छातीत गाठ आली. काही शरमेपोटी, काही कुणी सांगितलेल्या काढ्याच्या भरवशावर आठ महिने गेले. डॉक्टरांकडे पोहोचल्या तेव्हा आजार पसरला होता. काढा देणाऱ्याची नियत वाईट नव्हती. पण गेलेले आठ महिने परत आले नाहीत.

म्हणून भगिनींनो, भाजी हा बचावाचा एक भाग आहे, इलाज नव्हे. जागतिक आरोग्य संघटना रोज किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या खायला सांगते. बटाटा त्यात धरत नाहीत. पण घरात गुटखा, मिश्री, विडी चालू असेल तर कोबीने ते नुकसान भरून निघणार नाही. गाठ, न भरणारी तोंडातली जखम, अवेळी रक्तस्राव दिसला तर लाज बाजूला ठेवून लगेच तपासणी करावी. दुआ आणि दवा दोन्ही हव्यात. हे शरीर अल्लाहची अमानत आहे. तिची काळजी आजच्या दस्तरखानापासूनच सुरू करू या.