दीर्घ कोविड : व्यायाम हवा, पण मात्रा मोजून

वरणगाव : जून २०२० मध्ये जळगाव जिल्ह्याचा कोविड मृत्युदर देशातील सर्वाधिक दरांपैकी एक होता. पुढे साथ ओसरली. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. काही रुग्णांची धाप, थकवा आणि छातीतील धडधड मात्र गेली नाही. ऑर्डनन्स फॅक्टरीसाठी ओळखले जाणारे वरणगाव आणि भोवतालचा केळी-कापसाचा पट्टा येथे ही तक्रार थेट रोजीरोटीला भिडते. पाळीत तासन् तास उभे राहणे असो वा केळीचे घड वाहणे, दमलेल्या शरीराला ते झेपत नाही. अशा रुग्णाला घरीदारी एकच सल्ला मिळतो : 'चाला-फिरा, घाम गाळा, ताकद आपोआप येईल.' हा सल्ला काहींना उपयोगी पडतो, तर काहींना अंथरुणाला खिळवतो. त्यामुळे व्यायाम सुरू करण्यापूर्वी आपण कोणत्या गटात मोडतो, हे जाणून घेणे आवश्यक ठरते.

दीर्घ कोविड कशाला म्हणावे?

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये याची व्याख्या केली. संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनीही आढळणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कोणत्याही आजाराने उलगडा न होणारी लक्षणे म्हणजे दीर्घ कोविड. थकवा, धाप, विस्मरण आणि एकाग्रतेचा अभाव ही त्यातील नेहमीची लक्षणे होत.

दोन रुग्ण, दोन वाटा

पहिला गट रुग्णालयात, विशेषतः अतिदक्षता विभागात, दीर्घकाळ राहिलेल्यांचा. अंथरुणावर पडून राहिल्याने स्नायू झिजतात आणि फुफ्फुसांची क्षमता घटते. येथे देखरेखीखालील व्यायाम लाभदायक ठरतो. इंग्लंड व वेल्समध्ये रुग्णालयातून घरी गेलेल्या ५८५ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष फेब्रुवारी २०२४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील एका गटाला आठ आठवडे ऑनलाइन सामूहिक व्यायाम आणि मानसिक आधार देण्यात आला. त्यांचे जीवनमान केवळ एकदा सल्ला मिळालेल्यांपेक्षा सुधारले आणि हा लाभ वर्षभरानंतरही टिकून होता.

दुसऱ्या गटातील अनेकांचा मूळ आजार सौम्यच होता. आज बरे वाटले म्हणून थोडे अधिक चालले, की त्यांची प्रकृती काही तासांनी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ढासळते आणि पूर्वपदावर येण्यास कधी कधी आठवडे लागतात. हा श्रमोत्तर थकवा होय. ॲमस्टरडॅम येथील संशोधकांनी अशा २५ रुग्णांचे स्नायू सायकल-चाचणीपूर्वी व नंतर तपासले. स्नायूपेशींतील ऊर्जानिर्मितीत बिघाड आणि श्रमानंतर स्नायूंना झालेली इजा त्यांना आढळली. हे संशोधन जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणून अशा रुग्णाला आळशी ठरवणे हा त्याच्यावर अन्याय आहे आणि दर आठवड्याला व्यायाम ठरावीक प्रमाणात वाढवत नेण्याचा शिरस्ताही त्याच्यासाठी धोक्याचा आहे.

आधी तपासणी

छातीत दुखणे, भोवळ येणे किंवा पाय सुजणे यांपैकी काहीही असल्यास व्यायामापूर्वी डॉक्टरांकडे जावे. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि ईसीजी या साध्या तपासण्यांतून थकव्याची अन्य कारणे उघड होतात. सहा मिनिटे चालण्याची किंवा एक मिनिट खुर्चीतून उठण्या-बसण्याची चाचणी करून रक्तातील प्राणवायू घसरतो का, हेही पाहिले जाते. रक्तदाब न घसरताही उभे राहिल्यावर दहा मिनिटांत नाडीचे ठोके ३० किंवा अधिक वाढत असतील, तर स्वायत्त मज्जासंस्थेतील बिघाडाचा संशय घ्यावा लागतो. अशा वेळी व्यायाम बसून वा पडून सुरू केला जातो.

मात्रा कशी ठरवावी?

यासाठी 'बोर्ग श्रममापन' ही सोपी पद्धत आहे. जाणवणाऱ्या श्रमाला रुग्णाने स्वतःच शून्य ते दहा गुण द्यायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेत श्रमोत्तर थकवा नसलेल्या रुग्णांसाठी पाच टप्पे सांगितले आहेत. प्रारंभ श्वसनाचे व्यायाम, ताण देणे आणि सावकाश चालणे यांपासून होतो आणि श्रमाचे गुण एकच्या पुढे जाऊ द्यायचे नसतात. दुसऱ्या टप्प्यात दोन ते तीन गुणांचे हलके चालणे व घरकाम येते. प्रत्येक टप्प्यावर किमान सात दिवस राहावे. त्रास वाढल्यास मागच्या टप्प्यावर यावे.

श्रमोत्तर थकवा असलेल्यांनी शक्तीचा वापर दिवसाच्या मजुरीसारखा हिशेबाने करावा. कामांचे लहान तुकडे करावेत, स्नान व स्वयंपाक बसून करावा आणि दमण्यापूर्वीच विश्रांती घ्यावी. काय केले आणि त्यानंतरच्या दोन दिवसांत कसे वाटले, याची नोंद वहीत ठेवल्यास आपली मर्यादा कळते.

खानदेशात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. उन्हाने नाडी आणखी वाढते, म्हणून चालणे सकाळीच उरकावे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२० च्या कोविडोत्तर नियमावलीत योगासने, प्राणायाम आणि झेपेल त्या गतीने चालणे सुचवले होते. त्यातील 'झेपेल' हा शब्द महत्त्वाचा असून सूर्यनमस्कारांनाही तोच नियम लागू होतो.

कामावर परतताना

प्रकृती जराशी सुधारताच पूर्ण पाळी स्वीकारणे अनेकांना महागात पडते. आरंभी कमी तास, बसून करायचे काम आणि मधली विश्रांती यांसाठी डॉक्टरांचे पत्र घेऊन व्यवस्थापनाशी बोलावे. जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तसेच फिजिओथेरपीचे महाविद्यालयही आहे. तेथे जाताना तपासणीच्या कागदांसोबत नोंदींची वहीही न्यावी. व्यायामाची मात्रा ठरवताना डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट यांना तिचा मोठा उपयोग होतो.