तोडलेल्या उसाला घाई कशाची?



एप्रिल-मे महिन्यात आंबा घाट उतरून रत्नागिरीला गेलात, तर तिथे आंब्याची आढी पाहायला मिळते. कच्चा हापूस भाताच्या पेंढ्यात थराथराने मांडतात. पेंढ्यात ऊब कोंडते, फळातून निघणारा इथिलीन वायूही तिथेच राहतो. मग आतल्या पिठाची साखर भराभर होते. तोच आंबा गारव्याला ठेवला की पिकणे लांबते. फळ तेच, क्रिया तीच; वेग तेवढा बदलला.

उसाचे मात्र उलटे आहे. आंबा उतरवल्यावर गोड होतो, ऊस तोडल्यावर साखर गमावतो. उसातल्या साखरेचे, म्हणजे सुक्रोजचे, पाण्याच्या संयोगाने ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग होतात. रस चाखला तर गोडच लागतो, पण या साखरेचे दाणे काही पोत्यात पडत नाहीत. ती मळीच्या वाटेने जाते.

जर्मनीतल्या विल्हेल्मी यांनी १८५० साली हीच क्रिया घेऊन तिचा वेग मोजला. त्यासाठी वापरले पोलरीमीटर. आपल्या प्रयोगशाळेत रसाचा 'पोल' काढतात तो त्याच जातीच्या उपकरणावर. पुढे १८८९ मध्ये स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनी उष्णतेने वेग कसा वाढतो याचे सूत्र मांडले, तेही उसाच्या साखरेवरूनच.

हा वेग कशाने वाढतो?

उष्णता : दहा अंश वाढले की बहुतेक रासायनिक क्रियांचा वेग दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो, असा ढोबळ ठोकताळा आहे. म्हणून डिसेंबरात शिळा झालेला ऊस आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात शिळा झालेला ऊस एका मापाने मोजू नका.

आंबटपणा : आम्ल स्वतः खर्च होत नाही, पण क्रियेला पळवते. उसाचा रस मुळातच किंचित आंबट. म्हणून कारखान्यात तापवताना त्यात चुन्याचे दूध घालून आंबटपणा मारतात.

विकर व जंतू : उसातच इन्व्हर्टेज नावाचे विकर असते. तोडणीनंतर त्याचा जोर वाढतो. कापलेल्या तोंडातून जंतूही शिरतात.

उघडा भाग : जितके तुकडे, जितक्या चिरा, तितकी जंतूंना दारे जास्त. जळीत ऊस उकलतो, म्हणून तो सर्वात आधी गाळपाला गेला पाहिजे.

पाचवी गोष्ट वेळ. वजनातली घट ज्याची त्याला काट्यावर दिसते. साखरेतली घट दिसत नाही. ती कारखान्याच्या सरासरी उताऱ्यात मिसळते, आणि दर तर उताऱ्यावर बसतो. म्हणजे एकाच्या फडात दोन दिवस पडलेल्या मोळ्यांची झळ सगळ्यांना बसते. गव्हाणीपुढे गाड्या ताटकळल्या तरी तेच होते, तेव्हा ही जबाबदारी आमच्याकडेही तितकीच आहे.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच : वाहन ठरल्याशिवाय कोयता लावू देऊ नका. तोडलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पडेल असे पाहा. उशीर होणारच असेल तर मोळ्या सावलीला लावा, वर पाचट झाका. आणि फडात ऊस अडकून पडला असेल तर गट ऑफिसला लगेच कळवा. दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.